खाणीचा कारभार आणि खाणीचीं माणसें

तुमच्या दिवाणखान्यांत या वेळीं जो दिवा जळत असेल, त्याच्या मुळाशीं बहुधा कोळसा आहे. चंद्रपूर, कोराडी, परळी येथील वीजघरें कोळशावर चालतात, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यांत, नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत, त्या कोळशाच्या अनेक खाणी आहेत. बटण दाबतांना हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि यावें अशी माझी अपेक्षाहि नाहीं. परंतु खाण चालवितात कशी, जमिनीखालीं काम करणाऱ्या शेंकडों माणसांवर हुकमत कोणाची असते आणि ती कशी चालते, हें एकदां ऐकून ठेवण्यासारखें आहे. माझें बरेंचसें आयुष्य याच कामांत गेलें. त्याच्या आधारानें चार गोष्टी सांगतों.

कारखाना आणि खाण यांत एक मोठा भेद आहे, आणि तो न कळल्यामुळें शहरांतून नव्यानें खाणीवर आलेले हुशार अधिकारी प्रथम चुकतात. कारखान्यांत यंत्र काल जेथें ठेवलें तेथेंच आज सांपडतें. भिंती गवंड्यानें बांधलेल्या असतात. छप्पर किती भार सोसेल याचें गणित कोणी तरी अगोदर केलेलें असतें. खाणींत कामाची जागाच रोज पुढें सरकते. काल जेथें भिंत होती तेथें आज वाट आहे, आणि डोक्यावरचें छत कोणा गवंड्यानें बांधलेलें नाहीं. तें निसर्गानें घातलेलें आहे, त्यांतल्या भेगा निसर्गालाच ठाऊक. शिवाय कारखान्याचा व्यवस्थापक एका फेरींत सारें पाहून येऊं शकतो. खाणीचा व्यवस्थापक प्रत्येक कामाच्या जागीं दिवसांतून फार तर कांहीं मिनिटें असतो, आणि उरलेले सारे तास ती जागा दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालीं असते. म्हणून खाणीच्या कारभारांतला मुख्य प्रश्न हा कीं, व्यवस्थापक जेथें नाहीं तेथें निर्णय कोणीं घ्यावयाचा?

कोळसा काढण्याची आपल्याकडील जुनी रीत अशी. थरामध्यें एकमेकांस छेदणाऱ्या वाटा पाडावयाच्या आणि मधले चौक तसेच ठेवावयाचे. नकाशावर तें बुद्धिबळाच्या पटासारखें दिसतें. हे चौक म्हणजे खांब; वरचा सारा डोंगर ते तोलून धरतात. पुढें एका टोंकापासून मागें येत येत हे खांबहि कापून घेतात, आणि मागील छत मुद्दाम पडूं देतात. हें ऐकून अंगावर कांटा येईल, परंतु नेमानें केलें तर तें काम होतें. नेम चुकला तर मात्र छत आपल्या सोयीनें पडत नाहीं. स्फोट आणि पूर यांची बातमी होते. छताचा दगड निसटून एकेक, दोनदोन माणसें जातात त्यांची होत नाहीं. तरी भूमिगत खाणींत माणसें मारणारा सर्वांत जुना आणि चिकाटीचा शत्रु हाच.

हें छत पाहणारा माणूस म्हणजे खाणीचा सरदार. आपल्या इतिहासांतल्या सरदारासारखी याला जहागीर नसते. एक काठी, एक दिवा आणि एक प्रमाणपत्र एवढीच त्याची दौलत. पाळी सुरू होण्यापूर्वीं तो प्रत्येक जागीं जातो, काठीच्या लोखंडी टोंकानें छतावर ठोकतो आणि दुसरा तळहात दगडाला लावून कंप जाणतो. बाजारांत माठ घेतांना बायका टिचकी मारून पाहतात, तोच प्रकार. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे. बद्द आवाज आला तर वर पोकळी आहे, थर सुटला आहे. मग तो लांकडी टेकू लावून घेतो, किंवा ती जागा बंद करतो. बंद केलेल्या जागेवर माणूस पाठविण्याचा अधिकार त्या पाळीपुरता मुकादमाला नाहीं, कंत्राटदाराला नाहीं आणि मालकाला तर नाहींच नाहीं.

मी नवखा सहायक व्यवस्थापक होतों तेव्हांची गोष्ट. रात्रपाळी होती आणि ठरलेला कोळसा निघालेला नव्हता. सर्वांत भरघोस जागेच्या तोंडाशीं येऊन पाहतों तों वाटेवर दोन लांकडें फुलीसारखीं बांधलेलीं, आणि माणसें मागें बसलेलीं. सरदार म्हणाला, "साहेब, आज इथं मानूस लावाचा नाई." मीं स्वतः काठीनें ठोकून पाहिलें. मला तर आवाज स्वच्छ वाटला. मीं त्याच्याशीं वाद घातला; तो ऐकून घेत राहिला आणि लांकडें कांहीं सोडीना. सकाळीं मीं मोठ्या रागानें व्यवस्थापकांकडे गेलों. त्यांनीं ती जागा तीन दिवस बंद ठेविली. त्या तीन दिवसांत छताचा एक कपचाहि पडला नाहीं! चौथ्या दिवशीं जादा टेकू लावून काम सुरू झालें. मी मनांत म्हटलें, आतां सरदाराची चांगली कानउघाडणी होईल. झालें भलतेंच. व्यवस्थापकांनीं बसून राहिलेल्या माणसांची त्या रात्रीची मजुरी पुरी लावून दिली आणि मला म्हणाले, "अहो, छत पडलें असतें तर त्याला शहाणा म्हणावयास सारीच खाण धांवली असती. पडलें नाहीं, आणि तुम्हीं त्याला शब्द लावलात, तर पुढच्या खेपेस तो लांकडें बांधतांना तुमच्या तोंडाकडे पाहील."

खाण-व्यवस्थापनाचीं पाठ्यपुस्तकें मीं पुष्कळ वाचलीं, परंतु त्यांतलें बहुतेक सारें या एका वाक्यांत येतें असें मला वाटतें. थांबविण्याचा अधिकार धोक्याच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला द्यावा. तो त्यानें वापरला आणि अंदाज चुकला, तरी त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करूं नये.

हा विचार सहजासहजीं आलेला नाहीं. इंग्लंडांत नॉर्थंबरलंड परगण्यांतील हार्टले येथें १६ जानेवारी १८६२ रोजीं पाणी उपसण्याच्या यंत्राची अजस्र तुळई मोडून विहिरींत कोसळली. त्या खाणीला वर येण्याची वाट म्हणून ती एकच विहीर होती. २०४ माणसें व मुलें मेलीं. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा केला कीं, खाणीला बाहेर पडण्याच्या दोन वेगळ्या वाटा असल्याच पाहिजेत. आजचा वाचक म्हणेल, एवढी साधी गोष्ट कळावयास २०४ माणसें जावीं लागलीं काय? परंतु दुसरी विहीर खणावयास पैसा लागतो, आणि ती खणली नाहीं म्हणून रोज कांहीं अडत नाहीं. खाणींतल्या बहुतेक सुरक्षिततेचें हेंच दुखणें आहे. खर्च आजचा, आणि लाभ म्हणजे न घडलेली गोष्ट.

१८७२ च्या ब्रिटिश कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. खाणीवर परीक्षा उत्तीर्ण झालेला, प्रमाणपत्र धारण करणारा एक व्यवस्थापक असावा, असें ठरलें. यांतला 'एक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे. आपल्याकडे १८९७ सालीं बलुचिस्तानांतील खोस्त येथें आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींत मोठे अपघात झाले, त्यांनंतर १९०१ चा खाण-कायदा आला आणि १९०२ पासून सरकारी खाण-तपासनिसांचें खातें सुरू झालें. तें पुढें धनबादला गेलें. धनबादलाच १९२६ सालीं खाणविद्येचें विद्यालय निघालें. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. त्यानें जमिनीखालील काम दिवसास ८ तास आणि आठवड्यास ४८ तास असें बांधून दिलें. १९२३ च्या कायद्यांत हाच आठवडा ५४ तासांचा होता.

व्यवस्थापक, त्याच्याखालीं ओव्हरमन, त्याच्याखालीं सरदार आणि सुरुंग उडविणारा, अशी ही साखळी आहे, आणि प्रत्येक कडीला स्वतंत्र परीक्षा व प्रमाणपत्र आहे. प्रत्येक पाळीचा सरदार आपली पाहणी वहींत लिहून सही करतो आणि पुढच्या पाळीचा माणूस ती वाचून खालीं उतरतो. ही वही दिसावयास अगदीं गबाळी असते. कोळशाचे बोटांचे ठसे, वेडेंवांकडें अक्षर! परंतु एखाद्या खाणीचा कारभार कसा आहे हें मला कोणीं विचारलें तर मी नफ्यातोट्याचें पत्रक मागणार नाहीं. ही वही मागेन. रोज सर्व जागीं 'ठीक' एवढाच शब्द लिहिलेला दिसला, तर तेथें नक्कीच कांहीं तरी ठीक नाहीं.

खाणींतल्या वायूबद्दल थोडक्यांत सांगतों. कोळशांतून मिथेन नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण सुमारें ५ पासून १५ टक्क्यांपर्यंत असलें कीं एका ठिणगीनें स्फोट होतो. म्हणून मोठ्या पंख्यांनीं हवा ओढून खाणीच्या कानाकोपऱ्यांत खेळवावी लागते, आणि वायूचें प्रमाण सव्वा टक्क्यावर गेलें तरी वीज तोडून टाकावी लागते. स्फोटानंतर जे उरतात त्यांचाहि जीव विषारी धूर घेतो, हें हाल्डेन या शास्त्रज्ञानें १८९६ च्या आपल्या अहवालांत दाखवून दिलें. त्याच्याच सूचनेवरून इंग्लंडांतील खाणींत पिवळे कॅनरी पक्षी नेऊं लागले. पक्षी माणसापूर्वीं मान टाकतो. ही चाल तेथें १९८६ पर्यंत होती.

नियम इतके नीट असतांना ते मोडतात कां? वेल्समधील सेंगेनिद येथें १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं स्फोट होऊन ४३९ कामगार आणि सुटकेस गेलेला एक जण मेले. चौकशी झाली, नियमभंग सिद्ध झाला, आणि व्यवस्थापकाला २४ पौंड व कंपनीला १० पौंड दंड झाला. तेथील एका वृत्तपत्रानें हिशेब करून दाखविला कीं, माणशीं एक शिलिंग आणि सव्वा पेनीच्या आसपास पडलें. दंड असा असेल तर नियम पाळणें हा केवळ सज्जनपणाचा प्रश्न उरतो, आणि सज्जनपणावर खाण चालवितां येत नाहीं.

आतां मजुरीकडे वळूं, कारण माझ्या मतें खरी गोम तेथें आहे. झरिया-राणीगंजकडे कोळसा तोडणाऱ्याला मलकट्टा म्हणतात. रुळांवरून ढकलावयाच्या छोट्या डब्याला टब म्हणतात, आणि मजुरी टबामागें मिळत असे. यांत वरवर पाहतां न्याय दिसतो. जितकें काम तितका दाम. परंतु टेकू उभारावयास, सुटलेला दगड पाडून टाकावयास, वाट साफ करावयास जो वेळ जातो त्यांत टब भरत नाहीं. म्हणजे आपल्याच डोक्यावरचें छत सांवरण्याचा खर्च त्या मजुराच्या पोटांतून निघे. घरीं चार तोंडें खाणारीं असलेला माणूस टेकूच्या आधीं आणखी एक टब भरणारच. त्याला बेफिकीर म्हणणें सोपें आहे. आम्ही जें मोजत होतों तेंच तो करीत होता. ज्या खाणींनीं टेकू लावण्याची मजुरी निराळी दिली, किंवा तें काम निराळ्या माणसांकडे सोंपविलें, तेथें उपदेशाची गरज फारशी पडली नाहीं.

टबाच्या मापांतहि लबाडी चाले. इंग्लंडांत १८६० च्या कायद्यानें मजुरांना वजनकांट्यावर आपला स्वतःचा माणूस नेमण्याचा हक्क मिळाला. मजूर आणि व्यवस्थापक यांच्यामधला विश्वास मोठमोठ्या भाषणांनीं येत नाहीं. तो अशा कांट्यावर येतो. ज्याचें वजन रोज मारलें जातें तो माणूस, छताबद्दल व्यवस्थापक खरें बोलतो आहे, असें कशाला मानील?

धौड्यांची, म्हणजे मजुरांच्या चाळींची, कथा तर निराळीच आहे. पूर्वीं नवरा कोळसा तोडी आणि बायको टोपलींत भरून टबांत टाकी. कुटुंब हीच कामाची तुकडी असे. १९२९ पासून स्त्रियांना भूगर्भांतील कामांतून टप्प्याटप्प्यानें दूर केलें. हेतु चांगला होता. परंतु घरांत येणारी मजुरी घटली, आणि ती भरून काढावयास नवऱ्याच्या दरांत तेवढी वाढ कोणीं केली नाहीं. पुढें महायुद्धांत कोळसा कमी पडतांच १९४३ सालीं हीच बंदी उठली आणि १९४६ सालीं पुन्हां बसली. म्हणजे सरकारी माया कोळशाच्या टंचाईबरोबर पातळ होते, असें त्या बायांनीं म्हटलें असेल तर नवल नाहीं. २०१९ पासून मात्र तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठीं स्त्रियांना दिवसाच्या पाळींत खालीं उतरण्याची मोकळीक मिळाली आहे. प्रमाणपत्रधारी स्त्री खाणींत उतरते आहे, हें मीं माझ्या उमेदवारींत स्वप्नांतहि पाहिलें नव्हतें.

१९७१ ते १९७३ या काळांत कोळशाच्या बहुतेक खाणी सरकारनें आपल्याकडे घेतल्या. खाजगी मालकांपैकीं पुष्कळांनीं वरवरचा सोपा कोळसा ओरबाडून खांब मोडकळीस आणिले होते, हें खरें. परंतु मालक बदलला म्हणून पाणी आपला स्वभाव बदलीत नाहीं. २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादजवळ चासनाला येथें, सरकारी व्यवस्थापनाखालील खाणींत, वरच्या जुन्या कामांत साठलेलें पाणी फुटून खालीं शिरलें आणि सुमारें पावणेचारशें माणसें बुडालीं. त्यापूर्वीं १९५४ च्या डिसेंबरांत छिंदवाडा जिल्ह्यांतील न्यूटन चिखली खाणींत असेंच पाणी शिरून ६३ माणसें गेलीं होतीं. नागपूर तेव्हां त्या राज्याची राजधानी होती. खाणींतलें पाणी बहुधा आपल्याच पूर्वजांनीं खणून सोडलेल्या पोकळींत दबा धरून बसलेलें असतें. म्हणून जुन्या पाणथळ कामापासून ६० मीटरच्या आंत येतांना परवानगी घ्यावी आणि पुढें लांब भोंकें पाडून चांचपत जावें, असा नियम झाला. हा नियम नकाशावर उभा आहे. चाळीस वर्षांपूर्वीं खाण बंद करतांना ज्या कारकुनानें शेवटची वाट नकाशावर काढावयाचा कंटाळा केला, त्याचा कंटाळा चाळीस वर्षांनीं दुसऱ्या कोणाच्या जिवावर येतो.

फ्रान्समध्यें कूरिएर येथें १० मार्च १९०६ रोजीं स्फोट होऊन १,०९९ माणसें मेलीं. शोध लवकरच आवरता घेण्यांत आला, आणि विसाव्या दिवशीं १३ जण अंधारांतून चांचपडत आपण होऊन बाहेर आले! त्यांना पाहून आनंद झाला असेल, परंतु आणखी किती जण वाट पाहत होते हा प्रश्न प्रत्येक घरांत उठला असेल. याच्या उलट उदाहरण आपल्या देशांतलें आहे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजीं राणीगंजजवळच्या महावीर खाणींत पाणी शिरलें. सहा जण बुडाले, ६५ जण खालीं अडकले. जसवंतसिंग गिल या अभियंत्यानें सुचविलें कीं, वरून सुमारें २२ इंच व्यासाचें भोंक पाडावें आणि त्यांतून पोलादी पिंजरा सोडावा. पिंजरा तयार झाल्यावर ते स्वतः त्यांत उभे राहून खालीं गेले, एकेका माणसाला वर पाठवीत राहिले, आणि ६५ च्या ६५ जिवंत वर आले. अधिकाऱ्यानें स्वतः खालीं जावयास हवें होतें काय, यावर आमच्यांत पुष्कळ वाद झाले. माझें मत असें कीं, घाबरलेल्या ६५ माणसांना रांगेंत उभें करावयास त्या वेळीं त्यांच्यापैकीं नसलेला, परंतु त्यांच्याबरोबर खालीं असलेला, एक माणूस हवाच होता.

आतां आपल्या देशांतला बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून, माती दूर सारून निघतो. भूगर्भांतील खाणी थोड्या उरल्या. छताचें भय गेलें. त्याच्या जागीं मातीच्या ढिगांचें आणि अजस्र डंपरांचें भय आलें. २९ डिसेंबर २०१६ रोजीं झारखंडांत लालमटिया येथें उघड्या खाणीचा उतार कोसळून २३ माणसें गाडलीं गेलीं. तीं कंत्राटी कामगार होतीं. मला चिंता वाटते ती येथें. कंत्राटदाराकडे पैसा घनमीटरावर येतो, म्हणजे जुना टबच मोठा होऊन परत आला. उताराला भेग दिसली म्हणून डंपर थांबविणारा चालक दुसऱ्या दिवशीं कामावर राहील, याची हमी कोण देतो? सरदाराची काठी कंत्राटदाराच्या हातीं देतां येत नाहीं, परंतु खाणीवर नांव कोणाचें आणि माणसें कोणाचीं, हा घोळ असतांना ती काठी नक्की कोणाच्या हातीं आहे हें पुष्कळ ठिकाणीं कोणालाच सांगतां येत नाहीं.

पाळी सुटते तेव्हां खाणीच्या तोंडाशीं दिव्यांची खोली असते. प्रत्येक कामगाराचा दिवा क्रमांकाचा. खालीं जातांना तो घेऊन जातो, वर आला कीं परत टांगतो. सारे खुंटे भरले म्हणजे खालीं कोणी राहिलेलें नाहीं. आमचे तेच वृद्ध व्यवस्थापक संध्याकाळीं घरीं जाण्यापूर्वीं तेथें येऊन उभे राहत. कोणाशीं बोलत नसत. एखादा खुंटा रिकामा दिसला तर दिवेवाल्याला क्रमांक विचारीत, आणि तो दिवा येईपर्यंत तेथेंच बांकावर बसून राहत. एकदां असाच तास झाला, दीड तास झाला. शेवटीं एक पोरगेला मजूर धांवत आला. तो दिवा कमरेला तसाच ठेवून चहा प्यावयास गेला होता. साहेबांनीं दिवा स्वतःच्या हातानें खुंट्याला लावला, त्याला विचारलें, "जेवलास काय रे?" आणि सायकल काढून ते घराकडे निघाले.